राणीला आठ दिवस कोण सांभाळेल? (फुटपाथवर राहणाऱ्यांची कुत्री-मांजरं)

मीठभाकर
रविवार, २२ जून २०२५, रात्री ९:१४

आधी माझी चूक सांगते, म्हणजे प्रतिसादांत कुणी ती शोधत बसायला नको.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पुलाजवळ एक मावशी राहतात. राहतात म्हणजे एक निळी ताडपत्री, दोन गोण्या, स्टीलचा एक डबा आणि राणी. राणी ही काळी कुळकुळीत कुत्री, उजव्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. शनिवारी मावशी लिंबू-मिरची विकतात आणि त्याच दिवशी राणीची चंगळ असते, कारण काळ्या कुत्र्याला तेल लावलेली चपाती घातली की साडेसाती हलकी होते असं मानणारे लोक गाड्या थांबवून येतात. "शनवारी दुनिया घालती, बाकी सा दिवस म्या," इति मावशी.

गेल्या वर्षी राणी दोन दिवस उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, कानांत गोचिडांचे झुपके. मी शहाणपणा करून एका संस्थेला फोन लावला. पलीकडून विचारलं, "पाळीव की भटकं?" मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "भटकं." गाडी आली, राणीला घेऊन गेली आणि मी सत्कृत्याच्या समाधानात ऑफिसला गेले.

संध्याकाळी परतताना पाहिलं तर मावशी सकाळी बसल्या होत्या तिथेच बसलेल्या. डबा उघडलेला नव्हता. राणीला कुठे नेलं, परत आणणार की नाही, कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं म्हणे, पण गाडीतल्या मुलाने "आजी, बाजूला व्हा" एवढंच उत्तर दिलं. राणी परत यायला तेरा दिवस लागले. बरी चौथ्या दिवशीच झाली होती, पण एवढी शांत कुत्री रस्त्यावर कशाला सोडायची म्हणून तिच्यासाठी "चांगलं घर" बघणं चाललं होतं. तिचं घर मीच एका शब्दात खोडून टाकलं होतं.

आता प्रश्न असा की मावशींच्या पायाला जखम आहे, साखर वाढलेली आहे. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणतात आठ-दहा दिवस भरती व्हा, नाहीतर पाय जाईल. मावशी ऐकत नाहीत. "मला दवाखान्यात घालशीला, तिला भाकर कोण घालंल?" यापुढे बोलणंच जात नाही. माझ्या सोसायटीत कुत्रा आणायला बंदी आहे आणि घरी सासऱ्यांना दमा. पाळणाघरवाले दिवसाचे सातशे मागतात, वर लसीचं कार्ड आणि मालकाचा पत्ता.

राणीला आठ दिवस कुठे ठेवू?

---

रोखठोक
२२ जून, रात्री ९:४०

लोकांना खायला नाही आणि कुत्र्यांसाठी पाळणाघर शोधताय. ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही त्याने प्राणी पाळूच नये. कटू वाटेल, पण सत्य आहे.

---

आंबोळी
२२ जून, रात्री ९:४३

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.
कृपया कुणी धर्मराजाचा कुत्रा आणू नये, मागच्या धाग्यात तो तीनदा स्वर्गात गेला.

---

गिरगावकर आजोबा
२२ जून, रात्री १०:२५

@रोखठोक, तुम्ही म्हणता ते चाळीत राहणाऱ्याला लागू आहे. आपण आधी घर घेतो, मग हौस म्हणून कुत्रा आणतो. फुटपाथवर हे सगळं उलटं असतं. तिथे कुत्राच माणसाला शोधत येतो, रात्री उशाशी झोपतो आणि सकाळी उठून जात नाही. पाळायचं कुणी कधी ठरवलं?

एकट्या बाईला रस्त्यावर झोपायचं असेल तर कुत्रं म्हणजे कडी-कोयंडा. मी पस्तीस वर्षं सेंट्रल रेल्वेत रात्रपाळी केली आहे. स्टेशनाबाहेर झोपणाऱ्या बायकांपैकी ज्यांच्याजवळ कुत्रं असे, त्यांच्या वाटेला दारुडे जात नसत. हे मी बघितलेलं आहे.

अवांतर: मुंबईची कुत्र्यांवरून जुनी भांडणं आहेत. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा फोर्टात पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दुकानं बंद झाली. पुढे १८७४ मध्ये इथे प्राण्यांवरचा छळ रोखणारी संस्था निघाली आणि तिचंच परळचं हॉस्पिटल. कागदावर ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असलं तरी आमच्या पिढीला बैलघोडा हॉस्पिटल म्हटल्याशिवाय कळत नाही. टांग्याचे घोडे, गाडीचे बैल तिथे यायचे. म्हणजे मालक गरीब असणार हे धरूनच ते बांधलं होतं.

---

जनावरांचा डॉक्टर
२२ जून, रात्री ११:०२

परळच्याच कॉलेजात शिकलो, म्हणून आजोबांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं.

मीठभाकर ताई, राहायच्या जागेचं नंतर बघू. आधी दोन कामं करा.

एक म्हणजे रेबीजची लस. गेल्या वर्षी संस्थेने दिली असेल तर त्यांच्याकडून तारीख लिहून घ्या, नसेल तर या आठवड्यात टोचून घ्या. मावशी तिच्याशेजारी झोपतात, पायाला उघडी जखम आहे आणि रेबिड कुत्र्याची लाळ उघड्या जखमेत गेली तरी धोका असतो, चावायलाच हवं असं नाही. कुत्रीने जखम चाटू नये, हे त्यांना नीट सांगा. खेड्यापाड्यांतून आलेल्या बऱ्याच जणांचा समज असतो की कुत्र्याने चाटलं की जखम भरते. तो समज मोडायला मला घरातल्यांबरोबरसुद्धा भांडावं लागलंय.

दुसरं, कार्ड. लस घेतल्यावर डॉक्टर कागदी कार्ड देतात. मावशींकडे ते पहिल्या पावसात लगदा होईल. त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड लॅमिनेट करून त्यांच्या डब्यात. मालक या रकान्यात त्यांचं नाव. पत्ता म्हणून "किंग्ज सर्कल पुलाजवळ" लिहिलेलं मी तरी स्वीकारतो. पालिकेच्या परवान्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, तिथे हे चालणार नाही. पण ही कुत्री अमक्या बाईंची, असं म्हणणारा एक तरी कागद हवा. गेल्या वर्षी तो असता तर तेरा दिवस गेले नसते.

पांढऱ्या हिरड्या आणि गोचीड म्हणजे बहुधा गोचीडताप. तो पुन्हा होऊ शकतो. औषधाचा डोस इथे लिहिणार नाही, वजन बघून द्यायचा असतो.

---

रोखठोक
२२ जून, रात्री ११:२०

आजोबा, कडी-कोयंड्याचा मुद्दा पटला. पण दादरला पिलू मांडीवर घेऊन भीक मागणारी पोरं मी रोज बघतो. पिलू गुंगीत असतं. दर महिन्याला पिलू नवीन. ते प्रेम आहे का?

---

फिरती पाटी
२३ जून, सकाळी ७:५०

मी बेघरांसोबत काम करते, संस्थेचं नाव लिहीत नाही.

रोखठोक, तुम्ही सांगता ते घडतं, नाकारणार नाही. पण ते ओळखता येतं. पिलू डोळे उघडत नसेल, दर काही दिवसांनी बदलत असेल, तर तक्रार कराच, १९६० चा प्राणी छळ प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. मात्र मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यांतले बहुतेक जण मावशींसारखे आहेत आणि त्यांची कुत्री त्यांच्यापेक्षा बरी दिसतात. आमच्याकडे एक काका होते, त्यांना वडापाव दिला की वड्याचा आतला भाग कुत्र्याला आणि पाव स्वतःला. आम्ही चिडायचो. मग दोन द्यायला लागलो. दुसऱ्याचंही तेच.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत सत्तावन्न हजारांच्या वर बेघर मोजले गेले आणि रात्री रस्त्यावर फिरणाऱ्या कुणालाही हा आकडा कमी वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं की लाखभर लोकवस्तीमागे एक निवारा हवा. आहेत त्या निवाऱ्यांत जागा मिळाली तरी मी पाहिलेल्या एकातही कुत्र्याला आत घेत नाहीत. त्यांचीही बाजू आहे म्हणा. एका हॉलमध्ये चाळीस माणसं, त्यांत लहान मुलं, कुणाला चावलं तर जबाबदार कोण? पण परिणाम असा की धो-धो पावसात माणूस निवाऱ्याच्या दारातून परत फिरतो, कारण सोबतचा बाहेर राहतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याखाली माणसाला उचललं की सरळ गाडीत आणि तिथून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात. कुत्रं? त्याच्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नाही. ते तिथेच राहतं, गोणीवर बसून. आठवड्याने दुसऱ्या गाडीला ते "बेवारस" दिसतं.

मावशींबाबत एक सुचवते. भरतीसाठी आग्रह करण्याआधी राणीची व्यवस्था त्यांना प्रत्यक्ष दाखवा. "बघू, करू काहीतरी" यावर त्या विश्वास ठेवणार नाहीत आणि गेल्या वर्षीनंतर तुमच्यावर तर नाहीच. राग मानू नका.

---

मीठभाकर
२३ जून, सकाळी ८:१५

राग कसला, खरं आहे. त्या माझ्याशी बोलतात हेच खूप.

---

टेम्सकाठी
२३ जून, दुपारी २:३३

लंडनहून. इथे बेघर माणूस आणि त्याचा कुत्रा ही जोडी दर दोन चौकांआड दिसते, त्यामुळे यावर बराच विचार झालेला आहे.

स्ट्रीटव्हेट नावाची संस्था आहे. २०१६ मध्ये लंडनमध्येच दोन पशुवैद्यांनी सुरू केली. औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये भरायची, ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या जागी जायचं आणि फुटपाथवर मांडी घालून तपासायचं. लस, जंताचं औषध, मायक्रोचिप, सगळं फुकट. मी दोन हिवाळे नोंदवही सांभाळायचं काम केलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की डॉक्टर आधी माणसाला नमस्कार-चमत्कार करून कुत्र्याला हात लावायची परवानगी विचारायचे. दिवसभरात त्या माणसाला दुसऱ्या कुणी काही विचारलेलं नसे. पिसवांच्या औषधासाठी आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात हळूच स्वतःची बाही वर करायचा, जरा हे बघता का म्हणून. डॉक्टर जनावरांचे असले म्हणून काय झालं.

त्यांनी पुढे होस्टेलवाल्यांनाही धरलं. कुत्रा आत घ्या, त्याच्या तब्येतीचं आम्ही बघतो, अशी हमी दिली तशी काही दारं उघडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये यासाठी सरकारी पैसेच ठेवले, निवाऱ्यांनी पिंजरे, खाणं आणि डॉक्टर यांची सोय करावी म्हणून.

इथलं सगळं तिथे चालेल असं नाही. इथे कुत्रा सदैव पट्ट्यात असतो. आपल्याकडे राणी मावशींची आहे, पण पानवाल्याचीही आहे आणि शनिवारच्या गाडीवाल्यांचीही.

---

पाचट
२३ जून, रात्री ८:४७

तुम्ही सगळे मुंबईचंच बोलायलात. आमच्याकडं बीडहून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर भांडी, सरपण, लेकरं, शेळी आणि सगळ्यात वर कुत्रं बसलेलं असतं. पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायचं. कोपीला दार नसतं, म्हणून कुत्रं. नवरा-बायको पहाटे फडात गेली की लेकरांजवळ तेच.

जुन्नर, संगमनेर पट्ट्यात उसात बिबट्या आहे आणि त्याला सगळ्यात सोपं भक्ष्य म्हणजे कुत्रं. आमच्या टोळीनं दोन वर्षांत चार घालवली. गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधतेत, धनगरांच्या कुत्र्याला असतो तसा. बिबट्या मान धरतो ना. पण पट्टा लोहाराकडून करून घ्यावा लागतो आणि उचल घेऊन आलेल्या माणसाला ते सुचत नाही.

लशीचं म्हणाल तर टोळी गावात नसते तेव्हा गावात लसीकरण होतं, टोळी कारखान्यावर असती तेव्हा तिथल्या यादीत तिचं नाव नसतं. गेल्या साली कारखान्याच्या गावच्या सरकारी पशुवैद्यांना मी हात जोडून कोप्यांवर आणलं. बैलांना खुरकुताची लस द्यायला येणारच होते, म्हटलं त्याच फेरीत कुत्र्यांचंही उरका. एका सकाळी तेवीस कुत्री झाली. बाया आपापलं कुत्रं तोंडाला फडकं बांधून घेऊन उभ्या. ज्यांना घरचं कुणी धरलं त्यातलं एकबी चावलं नाही.

---

आंबोळी
२३ जून, रात्री ९:०५

पॉपकॉर्न ठेवून दिले. पाचट, यावर स्वतंत्र धागा काढा ना.

---

जनावरांचा डॉक्टर
२३ जून, रात्री १०:१०

पाचट यांचं शेवटचं वाक्य आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचावं. रेबीजची साखळी तोडायला वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस लागते आणि जाळी टाकून पकडायची म्हणजे एकेका कुत्र्यामागे घाम निघतो. ज्या कुत्र्याचं कुणीतरी फुटपाथवर बसलेलं आहे ते मांडीवर घेऊन टोचता येतं. गोव्याने घरोघर आणि गल्लोगल्ली हेच केलं. २०१८ पासून तीन वर्षं तिथे रेबीजने माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. देशाने २०३० चं लक्ष्य ठेवलंय. फुटपाथवरची माणसं सोबत असल्याशिवाय ते मुंबईत कसं गाठणार?

कुणाला प्रत्यक्ष मदत करायची असेल तर थोडं सुचतं तसं लिहितो.

खाण्याची मोठी पोती देऊ नका. ठेवायला जागा नसते, रात्रीत उंदीर येतात, पावसात बुरशी धरते. छोटी पाकिटं द्या, नाहीतर सरळ कोंबडीच्या दुकानात खातं लावा. पाय आणि माना स्वस्तात मिळतात, भातात शिजवल्या की झालं. शिजवलेली हाडं मात्र काढून टाकायची, ती टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात. ग्लुकोजच्या बिस्किटावर कुत्रं जगत नाही. कितीही शेपटी हलवो.

गळ्यात नायलॉनची दोरी किंवा सुतळी दिसली तर तिथेच सोडवून पट्टा घाला. पिलू वाढतं, दोरी वाढत नाही. मांसात शिरलेल्या दोऱ्या मी किती काढल्या, मोजणं सोडलं. पट्ट्यावर फोन नंबर घालायचा तर मालकाकडे फोन नसतो किंवा हरवतो, म्हणून जवळच्या टपरीवाल्याचा घाला, त्याला विचारून.

गोचिडांसाठी रॉकेल, फिनेल, जळती काडी, यातलं काहीही नको. तीन महिने चालणारी गोळी महाग असते, पण रस्त्यावर राहणाऱ्याला रोज पावडर लावायला सांगण्यापेक्षा ती एकदा दिलेली बरी. जखमेत अळ्या पडल्या तर पेट्रोल ओतू नका, डॉक्टरकडे न्या. आणि आपल्या घरातली तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. हे इथे वाचणाऱ्या फ्लॅटवाल्यांसाठीही आहे.

---

रोखठोक
२३ जून, रात्री १०:३१

मी अजूनही म्हणेन की आधी माणसाला घर मिळालं पाहिजे.
पण ती तीन महिन्यांची गोळी कितीला येते? एका राणीची मी देतो.

---

मीठभाकर
गुरुवार, ३ जुलै २०२५, रात्री ९:५०

कळवायला उशीर झाला. मावशी सोमवारी भरती झाल्या.

इथले सगळे सल्ले घेऊन मी त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, ठाण्याची एक मैत्रीण तयार आहे, तिच्याकडे अंगण आहे, मी रोज फोटो दाखवीन. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू एवढ्या दुनियेला इचारलंस. पल्याडच्या बाईला इचारलंस का?"

पल्याडची बाई म्हणजे त्यांच्यापासून चार हातांवर राहणारं कुटुंब. नवरा-बायको, दोन मुलं. गजरे करतात. मी एक वर्ष त्यांच्यावरून ये-जा करते आणि त्यांचं राणीशी काही नातं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गेल्या वर्षी मी राणीला पाठवून दिल्यावर शोधायला माहीमपर्यंत चालत गेलेली ती त्यांचीच मुलगी. ती बाई म्हणाली, "ठेवते की. पण माझ्या घरच्याला वाटतं कुत्र्याला कायी झालं तर तुमी लोक आमच्यावर घालाल." म्हणजे त्यांना जागा किंवा पैसे नको होते, उद्या काही झालं तर आरोप नको होता. मग मी एका कागदावर लिहून दिलं की काही झालं तर जबाबदारी माझी, खाली सही. कायद्यात त्याची किंमत शून्य असेल. तिने तो घडी घालून गजऱ्याच्या टोपलीत तळाशी ठेवला.

खाण्याचे पैसे कोंबडीवाल्याकडे भरले. लस झाली, कार्ड लॅमिनेट झालं. गोळीचे पैसे रोखठोक यांनी दिले, जाहीर आभार. (हो, हेच ते रोखठोक.)

रात्री राणी गजरेवाल्यांकडे झोपत नाही. जेवते त्यांच्याकडे आणि जाऊन मावशींच्या ताडपत्रीवर बसते. म्हणून ताडपत्री तशीच ठेवायची आणि दोन्ही पोरांनी पाळी लावून तिथे झोपायचं, असं त्यांनीच ठरवलंय.

---

फिरती पाटी
३ जुलै, रात्री १०:१२

मी इतकी वर्षं या कामात आहे आणि शेजाऱ्यांना विचारा, हे मीही लिहिलं नव्हतं. कागदावर सही करून देण्याचं मी उचलते आहे, आमच्याकडे वापरीन.

---

टेम्सकाठी
३ जुलै, रात्री १०:४०

पायाचं काय म्हणतात डॉक्टर?

---

मीठभाकर
३ जुलै, रात्री १०:४४

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. वॉर्डात सगळ्यांना राणीचा फोटो दाखवून झाला आहे. सिस्टर म्हणाल्या, या आजींना भेटायला येणाऱ्या नातेवाइकाने कुत्रीचा ताजा फोटो आणल्याशिवाय आत यायचं नाही.

---

गिरगावकर आजोबा
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:०५

धागा वर काढतो आहे.

ऑगस्टमध्ये ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली होती. २२ तारखेला त्यात बदल झाला, नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं आहे त्याच जागी सोडायचं, पिसाळलेलं किंवा अंगावर धावणारं सोडून. तेव्हा हायसं वाटलं. आता ७ नोव्हेंबरचा आदेश आहे की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आगारं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत.

वर्तमानपत्रात दोन बाजू भांडतात, मुलांना चावतात म्हणणारे आणि प्राणिप्रेमी. दोघांचंही काही खोटं नाही, माझ्या नातवाला दोन वर्षांपूर्वी चावलंय. पण स्टेशन, हॉस्पिटल आणि बस स्टँड या तीन जागांच्या भोवती आपल्या शहरात कोण झोपतं? परळला बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक महिनोन्महिने फुटपाथवर असतात. त्यांच्याजवळ येऊन बसणाऱ्या कुत्र्याला आता कुणाचं म्हणायचं?

---

रोखठोक
१० नोव्हेंबर, दुपारी १२:२०

रुग्णालयाच्या आवारात कुत्री नकोत, या मताचा मी आहे. नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर कुत्री फिरताना पाहिली आहेत. पण आवार कुठे संपतं आणि फुटपाथ कुठे सुरू होतो हे जाळीवाल्याला कोण सांगणार? उचलताना शेजारी बसलेल्या माणसाला "हे तुमचं आहे का" एवढं विचारायला काय जातं?

---

जनावरांचा डॉक्टर
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

म्हणूनच कार्ड आणि पट्टा. पट्टा, त्यावर नंबर आणि लसीची तारीख असलेलं कुत्रं उचलण्याआधी माणूस थबकतो. हमी नाही, पण थबकतो.

आम्ही चार वर्गमित्रांनी ठरवलंय. महिन्यातून एका रविवारी परळ ते माटुंगा पायी जायचं, लस बर्फाच्या डब्यात (ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते), पट्टे आणि कार्डं सोबत. संस्था वगैरे काढणार नाही, बॅनर नाही, फोटो नाहीत. मालकाचं नाव तो सांगेल तेच लिहायचं. पहिला रविवार ७ डिसेंबर, सकाळी साडेसहा, कारण आठनंतर ही माणसं कामाला पांगतात.

नोंदवही सांभाळायला कुणीतरी हवं आहे. टेम्सकाठी, तुम्ही डिसेंबरात इकडे येताय ना?

---

टेम्सकाठी
१० नोव्हेंबर, रात्री ११:१५

५ तारखेला उतरतेय. येते.

---

पाचट
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, पहाटे ५:१०

आमची टोळी हालली. ट्रॅक्टरवरूनच लिहायलोय. यंदा कोपीवरची कुत्री अठरा, खिळ्याचे पट्टे सहा. बाकीचे कारखान्यावर पोचल्यावर बघू. डॉक्टर, तुमचं ते लॅमिनेट कार्ड करायचा फर्मा असंल तर पाठवा, इथं झेरॉक्सवाला आहे.

---

मीठभाकर
११ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

मावशी आता शंभर पावलं पुढे राहायला गेल्या आहेत, जुन्या जागी खोदकाम निघालं. गजरेवालेही त्यांच्याबरोबर हलले. पट्ट्यावर टपरीवाल्याचाच नंबर आहे. त्याची टपरी मात्र अजून जुन्या जागी, त्यामुळे त्याला जाऊन सांगून आले की फोन आला तर कुठे दाखवायचं.

डॉक्टर, ७ तारखेला निघाल्यावर आधी गजरेवाल्यांकडे थांबा. त्यांच्या धाकट्याने एक पिलू आणलंय आणि त्याच्या गळ्यात सुतळी आहे.